ठाण्याहून कान्हेरीची घळ: निवृत्त जोडप्यांसाठी नॅशनल पार्कचा एक दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला अर्ध्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात येतो. तरी कान्हेरीची बौद्ध लेणी आणि मुख्य दरवाजा बोरिवलीच्या बाजूला असल्यामुळे ठाणेकरांना डोंगराला वळसा घालून जावं लागतं. साठी-सत्तरीतल्या दोघांनी हा दिवस कसा आखावा, याबद्दल जे प्रश्न नेहमी विचारले जातात त्यांची उत्तरं इथे आहेत.

एका दिवसात काय काय बघून होईल?

कान्हेरीची लेणी आणि त्यांच्यामधली घळ. एवढंच ठरवून निघा. सफारी, बोटिंग, गांधी टेकडी आणि लेणी असं सगळं एका दिवसात बसवायला गेलात तर लेण्यांची पाळी भर दुपारी येते, कातळ तापलेला असतो आणि पाय आधीच थकलेले असतात. उलट सकाळी सर्वांत आधी लेण्यांकडे गेलात तर अकरापर्यंत अवघड भाग संपतो. त्यानंतर अंगात जोर असेल तर खाली येऊन बाकीचं बघता येतं, नसेल तर दिवस वाया गेला असं वाटत नाही. दिवस फसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण उशिरा पोहोचणं हे आहे. अंतर किंवा चढ हे त्यानंतर येतं.

कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वारी जावं?

सोमवारी उद्यान बंद असतं. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आत जायच्या गाड्यांसाठी रांग लागते, तीही उभ्याने. निवृत्तांच्या हाती सगळे वार असतात, तेव्हा मंगळवार ते शुक्रवार यांपैकीच एक धरा. डिसेंबर-जानेवारीत मात्र शाळांच्या सहली मधल्या वारीही येतात. त्या साधारण दहाच्या पुढे लेण्यांत पोहोचतात, म्हणजे लवकर निघण्याला आणखी एक कारण.

हवेचं म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ सगळ्यात सोपा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि सावर फुललेले असतात. पानगळ झालेली असल्यामुळे पक्षी नीट दिसतात, पण त्याच कारणाने सावलीही विरळ होते. एप्रिल-मे टाळा. तापमापकावरचा आकडा ३४ असला तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि वयस्क शरीराला तोच त्रास जास्त होतो. कारवीची फुलं आठ वर्षांतून एकदा येतात. इथे ती २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये फुलली, त्यामुळे पुढची वाट २०३२ ची.

ठाण्याहून जायचं कसं?

गाडीने जायचं तर घोडबंदर रोड, गायमुख घाट, काशिमिरा, दहिसर आणि पुढे पश्चिम द्रुतगती महामार्ग. पावणेसहाच्या आत कापूरबावडी ओलांडलीत तर गायमुखला अडकत नाही. सातनंतर घाटात एक अवजड गाडी बंद पडली तरी तासभर मोडतो. दहिसरकडून दक्षिणेला येताना उद्यानाचं प्रवेशद्वार डाव्या हाताला येतं. इथे उड्डाणपुलावर चढलात तर ते मागे राहतं आणि पुढे जाऊन परत फिरावं लागतं, म्हणून आधीच डावीकडचा सर्व्हिस रोड धरा.

लोकलने जायचं तर ठाणे-दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे आणि तिथून बोरिवली. हा रस्ता वेळेला भरवशाचा आहे, पण दादरच्या जिन्यांवर गुडघ्यांचा पहिला हप्ता खर्च होतो. गुडघेदुखी असेल तर लिफ्ट किंवा सरकता जिना कोणत्या फलाटावर आहे ते बघून मगच डबा निवडा. बोरिवलीला पूर्वेकडे उतरून रिक्षा करा.

तिसरा पर्याय घोडबंदरमार्गे जाणाऱ्या ठाणे-बोरिवली बसचा. एकदा बसायला जागा मिळाली की चढउतार नाही. परतीला कोणी मुलगा-सून अंधेरी-गोरेगावकडे राहत असतील तर मेट्रो ७ चं ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानक जवळच आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम पूर्ण झालं की हे सगळं उत्तर नव्याने लिहावं लागेल. हा मार्ग सुमारे ११.८ किलोमीटरचा आहे आणि याच डोंगराच्या पोटातून जाणार आहे.

गेटपासून लेणी किती लांब? चालत जाता येईल का?

साधारण ६ किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, पण शेवटच्या टप्प्यात चढ लागतो. चालायची सवय असलेल्यांना दीड-पावणेदोन तासांचं काम. आमचा सल्ला असा की जाताना चालू नका. ताजे पाय लेण्यांच्या पायऱ्यांसाठी राखून ठेवा. गेटवर आत जाणाऱ्या गाडीची चौकशी करा आणि दोन गोष्टी विचारून घ्या: खासगी गाडी आज आत सोडतात का, आणि लेण्यांपासून शेवटची परतीची गाडी किती वाजता आहे. हे नियम बदलत राहतात, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका. भाड्याच्या सायकली गेटजवळ मिळतात, पण रोज सायकल चालवत नसाल तर शेवटच्या चढावर त्या ढकलाव्या लागतात आणि परतीच्या उतारावर ब्रेकवर सगळी मदार येते.

तिकिटं दोन ठिकाणी काढायची असतात. उद्यानाचं खाली गेटवर, आणि लेण्यांचं वर पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर. खालचं काढलं म्हणजे झालं असं समजून सुटे पैसे संपवू नका. वर मोबाइलचं नेटवर्क क्षीण असतं आणि फोनवरून पैसे देताना ते चक्र फिरतच राहतं. आधार कार्ड जवळ असू द्या.

शंभरावर लेणी आहेत म्हणे. सगळी चढायची का? कोणती बघावीत?

सगळी बघायला तरुणांनाही दिवस पुरत नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या दहाव्या शतकापर्यंत इथे कातळ कोरण्याचं काम चालू होतं. बहुतेक लेणी म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लहान खोल्या आहेत. पुढे ओटा, आत झोपायला कातळाचा कट्टा. तशी दोन-तीन नीट बघितली तरी बाकीची कळतात.

सुरुवातीच्या थोड्या पायऱ्या चढलं की १, २ आणि ३ क्रमांकाची लेणी एकाच भागात आहेत. ३ क्रमांकाचा चैत्य (प्रार्थनेचं दालन) हे इथलं सगळ्यात मोठं काम: ३४ खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. पण आत शिरण्याआधी ओसरीतच थांबा. दोन्ही टोकांना बुद्धाच्या सुमारे २२-२३ फुटी उभ्या मूर्ती समोरासमोर आहेत. ओसरीच्या मधोमध उभं राहून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वर बघा. मान दुखत असेल तर मूर्तीच्या अगदी जवळ न जाता विरुद्ध टोकाच्या भिंतीशी उभे राहा, मान फार वर करावी लागत नाही. दर्शनी भागावर दानी जोडप्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा कोरल्या आहेत. त्यांचे दागिने, कमरेची वस्त्रं आणि उभं राहण्याची ढब बारकाईने बघण्यासारखी आहे. घाईत असलेली मंडळी नेमकी त्यांनाच ओलांडून आत जातात.

तिथून घळीच्या काठाने ११ क्रमांकाकडे जा. हे सभागृह आहे आणि मधोमध कातळातच कोरलेले दोन लांब, बुटके कट्टे समांतर गेले आहेत. चढ बेताचा आहे. वाटेत जमिनीलगत चौकोनी तोंडाच्या पाण्याच्या टाक्या दिसतील. इथल्या लेखांत त्यांना पोढी म्हटलं आहे. कातळाच्या उतारावर बोटभर-वीतभर रुंदीचे पन्हळ कोरून पावसाचं पाणी त्यांत वळवलं आहे. एक पन्हळ निवडा आणि नजरेने टाकीपर्यंत माग काढा, मग या डोंगरावर भिक्षू बारा महिने कसे राहू शकले ते उलगडतं. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं आली आहेत, त्यांत कल्याण आणि सोपारा आहेत. ठाण्याच्या माणसाला ही शेजारचीच नावं.

गुडघे साथ देत असतील तर पुढे ३४ (छतावर बुद्धाच्या चित्राचे अवशेष) आणि ४१ (अकरा मस्तकांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर) गाठा. ९० क्रमांकात सन १००९ आणि १०२१ मधले पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, ते भेटीला आलेल्या पारशी मंडळींनी कोरवलेले आहेत. पण ४१ आणि ९० दोन्ही एकाच दिवशी करायचा हट्ट नको. १, २, ३ आणि ११ एवढं केलंत तरी कान्हेरी पाहिली असं खुशाल म्हणा.

पायऱ्या कशा आहेत? गुडघेदुखी असेल तर?

चढण्यापेक्षा उतरणं कठीण जातं, कारण उतरताना सगळं वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर तोलायचं असतं. कातळात कोरलेल्या जुन्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत आणि त्यांची उंची सारखी नाही. कठडा सगळीकडे नाही. पायरीच्या मधोमध न चालता कडेच्या सपाट भागावर पाय ठेवा.

काठी एकच पुरते. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत मूठ आली की उंची बरोबर. दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात ती धरायची. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. टोकाचं रबर निघताना बघून घ्या. ते झिजून गुळगुळीत झालं असेल तर कातळावर काठीच घसरते आणि आधाराच्या भरवशावर टाकलेलं वजन अंगावर येतं. औषधाच्या दुकानात नवं रबर थोड्या पैशांत मिळतं.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. उतरताना आपण नुसती नजर खाली वळवतो आणि काचेच्या वाचायच्या भागातून पायरी बघतो, म्हणून ती धूसर आणि जवळ भासते. बरेच जण इथेच पडतात. हनुवटी छातीकडे टेकवून काचेच्या वरच्या भागातून पायरी बघा. दूरचा वेगळा चष्मा असेल तर तोच लावून जा. लेण्यात उन्हातून शिरल्यावर उंबरठ्याच्या आत एक-दोन मिनिटं उभे राहा, वाढत्या वयात डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो.

बूट नवे नकोत. महिनाभर वापरलेले, खाचा असलेल्या रबरी तळव्याचे हवेत. चपला-सँडल घळीत चालत नाहीत.

दोघांपैकी एकालाच चढता येत नसेल तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. बरेचदा दुसऱ्यासाठी म्हणून ‘मीही येते’ किंवा ‘मीही येतो’ असं म्हटलं जातं आणि अर्ध्या वाटेवर दोघंही अडकतात. ३ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत दोघांनी एकत्र जावं. तिथे ज्याला थांबायचं असेल त्याने सावलीत बसावं आणि दुसऱ्याने तासाभरात वर जाऊन यावं. पाणी, गोळ्या आणि थोडे पैसे दोन पिशव्यांत विभागा, सगळं एकाच्याच खांद्यावर नको. भेटायची जागा आणि वेळ घड्याळात बघून ठरवा, कारण घळीत फोन लागेलच असं नाही. ठरल्या वेळेनंतर २० मिनिटं थांबूनही कोणी आलं नाही तर शोधायला एकट्याने वर न जाता खाली तिकीट खिडकीवरच्या माणसांना सांगायचं, हेही आधीच बोलून ठेवा.

डबा न्यावा का? माकडांचं काय?

डबा न्यावा. दशम्या किंवा मेथीचे ठेपले, कोरडी लसणीची चटणी, राजगिऱ्याची चिक्की हे दुपारपर्यंत टिकतं. दहीभात आणि ओल्या खोबऱ्याची चटणी या दमट हवेत अकरापर्यंत आंबते. पाणी माणशी दीड लिटर, धातूच्या बाटलीत. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक आत नेऊ नका, गेटवर पिशव्या तपासल्या जातात. लेण्यांच्या पायथ्याशी पाड्यावरच्या बायका काकडी, पेरू, मोसमात जांभळं-करवंदं घेऊन बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, पण तिथेच खाऊन संपवा.

कारण पुढे माकडं आहेत. ती पिशवीला नव्हे, पिशवीच्या आवाजाला आणि आकाराला ओळखतात. कुरकुरणारी पिशवी किंवा हातात लोंबणारी थैली दिसली की मागे लागतात. डबा पाठीवरच्या बंद सॅकमध्ये तळाशी ठेवा, केळी नेऊच नका. माकडाने काही ओढलंच तर सोडून द्या. झटापटीत तोल जातो आणि पायऱ्यांवर ते महागात पडतं. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, दात दिसतील असं हसूही नका, माकडाला ते आव्हान वाटतं. चावलं किंवा नखं लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा. खायला घालण्याचा मोह कृपया आवरा. माकडं धीट होतात ती त्यानेच, आणि त्यांच्या खोड्यांचा त्रास मागून येणाऱ्याला होतो.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं वेळापत्रक कसं ठेवावं?

पहाटे निघायचं म्हणून काहीजण गोळी घेतात आणि नाश्ता ‘तिथे गेल्यावर’ करू म्हणतात. मधुमेहाच्या गोळीनंतर किंवा इन्सुलिननंतर उपाशी चढलं की साखर झपकन उतरते. घाम, थरथर, चिडचिड ही लक्षणं दमल्यासारखीच वाटतात, म्हणून बरोबरच्या माणसाने ती ओळखायची. लगेच बसवा, तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटं थांबा, उतार पडला नाही तर पुन्हा तेवढंच द्या. बरं वाटल्यावर पोळी खायला द्या. त्यानंतर वर चढायचं नाही, खालीच यायचं.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. वारंवार जावं लागेल म्हणून पाणी कमी प्यायचं, ही सवय उन्हात घातक ठरते. गोळीची वेळ बदलायची का हे जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, मनाने चुकवू नका. घरच्या घरी जलसंजीवनी करायची तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर उतरण्याची धडपड नको. जागीच बसा, जवळच्या माणसाला रक्षकाकडे धाडा, १०८ ला फोन लावा.

स्वच्छतागृह कुठे आहे?

गेटजवळ आणि लेण्यांच्या पायथ्याशी. वर चढण्याआधी जाऊन या.

बिबट्याची भीती बाळगावी का?

इथे बिबटे आहेत आणि आजूबाजूच्या पाड्यांवरचे वारली शतकानुशतकं वाघोबाला पुजत त्यांच्या शेजारी राहत आले आहेत. दिवसाउजेडी, वर्दळीच्या वाटेवर तो दिसण्याची शक्यता फार कमी. काळजी घ्यायची ती वेळेची आणि उंचीची. पहाटे आणि संध्याकाळी त्याचा वावर असतो, म्हणून उजेडातच बाहेर पडा. झाडीच्या कडेला उकिडवं बसू नका, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. दिसलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, दोघं जवळ उभे राहून मोठ्याने बोलत हळूहळू मागे या. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

खरं तर बिबट्यापेक्षा मधमाश्यांचं भान जास्त ठेवायला हवं. कातळाच्या कड्यांना आणि उंच झाडांना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका. माश्या उठल्या तर डोकं-तोंड ओढणीने किंवा शर्टाने झाकून तिथून दूर निघा, हात झाडत बसू नका.

येऊरहून जंगलातून चालत कान्हेरीला जाता येतं का?

नाही. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण मधला भाग संरक्षित जंगल आहे आणि परवानगीशिवाय तिथे शिरणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा ठरतो. तुळशी तलावाकडेही असंच जाता येत नाही. १८७९ पासूनचा हा तलाव मुंबईला पाणी पुरवतो. जंगलवाटाच चालायच्या असतील तर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रात विचारा, तिथून मार्गदर्शकासह ठरावीक वाटांवर नेतात.

बोरिवलीपर्यंतचा प्रवासच झेपणार नसेल तर?

मग ठाण्याच्याच बाजूने जा. उपवन तलावावरून येऊरचा रस्ता वर पाटोणापाड्याकडे जातो, बसही जाते. सकाळी सात ते नऊ रस्त्याच्या कडेने निवांत चालायचं, पक्षी बघायचे आणि परत फिरायचं. घोडबंदर रोडवर मानपाड्याला वन विभागाचं निसर्ग परिचय केंद्र आहे, तिथली वाट छोटी आणि सावलीची. लेणी नाहीत, पण डोंगर आणि जंगल तेच.

पावसाळ्यात घळ फार सुंदर दिसते म्हणतात. जावं का?

दिसते खरी. दोन्ही बाजूंच्या लेण्यांच्या मधून ओढा धावतो आणि कातळावरून धबधबे पडतात. पण सत्तरीच्या जवळपास असाल तर जून-जुलैत जाऊ नका. कातळावर काळं-हिरवं शेवाळ धरतं आणि कोरड्या दिसणाऱ्या पायरीवरही पाय निसटतो. डोंगरमाथ्यावर जोराची सर आली की घळीतलं पाणी काही मिनिटांत चढतं, खाली तेव्हा पाऊस नसला तरी. जायचंच असेल तर सप्टेंबरच्या शेवटी, सलग दोन-तीन कोरडे दिवस गेल्यावर जा. ओढा तेव्हाही वाहत असतो आणि गवतफुलंही असतात. फक्त ३ क्रमांकापर्यंत जा, ओढा ओलांडू नका.

नातवंडांना बरोबर न्यावं का?

दहाच्या पुढची असतील तर हो. पुरातत्त्व खात्याचं तिकीट १५ वर्षांखालच्यांना लागत नाही. दहाहून लहान नातवंडं असतील तर त्यांचे आईबाबा बरोबर हवेत. टाक्यांना आणि कड्यांना सगळीकडे कुंपण नाही आणि काठी धरलेल्या हाताने धावणारं मूल आवरत नाही.

परत किती वाजता फिरावं?

पावणेआठला गेट, साडेआठपर्यंत लेण्यांचं तिकीट, पावणेअकरापर्यंत चढउतार पूर्ण, साडेअकराच्या सुमारास खाली येणारी गाडी, बाराला सावलीत डबा. एकच्या सुमारास निघालात तर संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत ठाणं गाठता. चारनंतर निघालात तर गायमुखला थांबत-थांबत यावं लागतं आणि चढाउतारानंतर दीड-दोन तास पाय दुमडून बसलं की गुडघे धरतात. गाडीत असाल तर घोडबंदरच्या फाउंटन हॉटेलच्या आसपास एकदा उतरून पाच मिनिटं चाला. घरी पोचल्यावर गुडघ्यांना सूज वाटली तर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं ठेवा. चोळू नका, आणि दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडं चाला.